गुरुबाईच्या कट्ट्यावरचा नेटचोर

१

माझी अर्धी मिशी पैजेला लागली ती उद्धवरावाच्या घामामुळं.

संतपुरात, गुरुबाई अक्काच्या कट्ट्यावर संध्याकाळचे आम्ही बसलो व्हतो. मी गुपचूप माझ्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं अन् त्याला नाव दिलं 'आयकर पथक गाडी दोन'. समोरच्या घरातला उद्धवराव, सोयाबीनचा व्यापारी, माझ्या शेजारीच बसलेला. त्यानं वाय-फाय शोधायला फोन काढला, यादीत ते नाव वाचलं, अन् उठून गेला. दुकानाचं शटर ओढलं. मग वळणापत्तर जाऊन गाडी कुठं उभी हाय ते बघून आला. परत आला तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला.

मी हसत हसत फोन त्याच्या तोंडापुढं धरला.

"रेवण्णा," उद्धवराव म्हणला, "पन्नाशी आली तुला. अक्कल कधी येणार?"

"अक्कल आली की माणूस शटर ओढतंय, आत्ताच बघितलं."

शेजारची अंबिका तोंडाला पदर लावून हसायली. ती ब्लाऊज शिवते, कट्ट्याच्या त्या टोकाला बसून फोनात डिझाइन बघत व्हती. कोपऱ्यावरचा मोबाईलवाला प्रशांतकुमार खांबाला टेकून, त्याची मान फोनातच.

तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला.

"गेलं बघ परत. पवित्रा बोलायली व्हती, तोंड उघडं ऱ्हायलं अन् तशीच थांबली."

गुरुबाई अक्का एकटी ऱ्हाते. बसवंतप्पा अण्णा गेले, भिंतीवर फोटो हाय. लेक महेशकुमार बेंगळुरात, नात पवित्रा तिथंच शाळेत. मागच्या साली अक्का न्हाणीत पडली अन् दूधवाली येईपत्तर तशीच पडून ऱ्हायली. तेव्हापासून महेशनं घरात नेट घेतलं, माजघरात कॅमेरा लावला, अन् रोज दिवे लागले की पवित्राचा व्हिडिओ कॉल. आता बरेच दिस झाले, बरोबर त्याच वक्ताला कॉल तुटायचा अन् कॅमेरा आंधळा व्हायचा.

महेशनं मला फोन केला व्हता. "अण्णा, मशीन चांगलं हाय. कुणीतरी बाहेरचं नेट वापरायलंय, इथनं मला अनोळखी फोन जोडलेले दिसतेत. मी उगादीला, पाडव्याच्या सणाला, येतो. तोवर नीट झालं तर ठीक, न्हाई तर आईला घेऊन येतो इकडं. दिसत न्हाई, बोलता येत न्हाई, मला झोप लागत न्हाई."

हे मी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. म्हणलो, "चोर ह्याच गल्लीतला हाय. उगादीच्या आत धरतो."

"कसला चोर?" उद्धवराव झटक्यात म्हणला. "मशीन बोगस हाय. तू धरलास तर माझी मिशी, न्हाई धरलास तर तुझी."

"पुरी?"

"अर्धी. पुरी काढली तर माणूस बरं दिसतंय."

ठरलं. उगादीच्या संध्याकाळी, ह्याच कट्ट्यावर, बालाजी न्हाव्याला बोलवून, गल्लीदेखत. अंबिका साक्षीला.

प्रशांतकुमारनं तेव्हा कुठं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, मग अक्काच्या दाराकडं बघितलं, अन् मान परत खाली घातली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अक्काच्या घरी गेलो. मशीन म्हंजे तो राउटर, लोखंडी कपाटाच्या मागं अडकवलेला. जुनं घर, लाल दगडाच्या भिंती, हातभर जाड. असल्या भिंतीतनं माणसाची हाक जात न्हाई, नेट काय जाईल. मी तो काढला अन् माजघरात उंच फळीवर, कॅमेऱ्याच्या समोर ठेवला.

मग कुलपं बघितली. महेशनं पासवर्ड ठेवला व्हता आईचं नाव अन् पुढं एक-दोन-तीन. गुरुबाईच्या घराला गुरुबाईचं नाव, हे कुणीबी ओळखील. मशीनच्या आतल्या सेटिंगला तर कंपनीचाच पासवर्ड, खाली चिठ्ठीवर छापलेला. मागं एक बारकं बटण असतंय, ते दाबलं की पासवर्ड न घालता फोन जोडता येतंय. ते बंद केलं. आतला पासवर्ड बदलला. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए-थ्री, सगळ्यात नवं कुलूप, निवडायला गेलो तर अक्काचा फोन जुना, त्याला ते कळंना, म्हणून टू अन् थ्री दोन्ही चालंल असं ठेवलं. अन् नवा पासवर्ड आसा बनवला की तो मलाच दोनदा बघून घालावा लागला.

तो तीनच ठिकाणी घातला. माझ्या फोनात, कॅमेऱ्यात, अक्काच्या फोनात.

"अक्का, हे कुणाला सांगायचं न्हाई."

"मला वाचता येतंय व्हय ते? कन्नड असतं तर वाचलं असतं. ती इंग्रजी अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसत्यात."

खरंच व्हतं ते. माझ्या संशयाच्या यादीतनं पहिलं नाव तिचंच कटलं.

निघताना ती म्हणली, "रेवण्णा, एक काम कर. फोनचं कुलूप माझं बोट ओळखंना. संध्याकाळची पूजा झाली की बोटाला विभूती असते, कितीबी पुस, फोन म्हणतंय तू कोण. ह्या हाताचं बोट शिकव त्याला."

तिनं डावा हात पुढं केला. मी डाव्या हाताची तर्जनी फोनला शिकवली. दोन मिनिटांचं काम. लिंगपूजा करणारी बाई, कपाळाला तीन बोटं ओढणार, ती बोटं पांढरी असणारच. त्यात विचार करण्यासारखं मला तेव्हा काय वाटलं न्हाई.

त्या संध्याकाळी पवित्रा स्वच्छ दिसली. तिनं दात पडलेला दाखवला. कट्ट्यावरची माणसं मात्र लवकर उठून गेली.

दुसऱ्या संध्याकाळी मी फोन उघडून बघितलं. तीन अनोळखी फोन जोडलेले. आतून अक्का म्हणली, "गेलं बघ."

माजघरात गेलो. फळी रिकामी. राउटर कट्ट्याच्या बाजूच्या खिडकीत बसला व्हता.

"धूळ झाडली," अक्का म्हणली. "तिथंच ऱ्हायला."

३

आता कुणाला धरायचं. पहिला प्रशांतकुमार. मोबाईलचं दुकान, हाताला सवय. मी गिऱ्हाईक होऊन गेलो, एक चार्जर बघितला.

"चालतंय का हे?"

"तुम्ही घेतला तर चालंल. परत आणला तर तुम्ही बिघडवला."

"प्रशांत, अक्काच्या नेटचं कुलूप कुणी फोडलं आसंल?"

त्यानं चार्जर परत पेटीत घातला. "अण्णा, तसलं कुलूप फोडायला आलं असतं तर मी हितं काच चिकटवत बसलो असतो? अन् माझ्या दुकानात नेट हाय. मला कशाला लागतंय?"

"मग रोज कट्ट्यावर कामून येतोस?"

"हवा असते."

त्याच्या दुकानात पंखा व्हता. जोरात फिरत व्हता.

तिथनं अंबिकाकडं गेलो. तिचं मशीन खडखडायलेलं. मला बघून पाय थांबवला.

"मामा, मिशीला तेल लावा आत्ताच, नंतर अर्धं वाया जाईल."

"तुझ्या फोनात डेटा किती मिळतोय गं दिसाला?"

"पुरतंय."

"दिसभर डिझाइनचे व्हिडिओ बघून पुरतंय?"

तिनं दोरा दातानं तोडला. "मी संध्याकाळीच बघते. कट्ट्यावर." मग एकदम म्हणली, "अक्काला बरं वाटतंय कुणी आलं की." अन् परत मशीन सुरू केलं, माझा पुढचा प्रश्न ऐकू येऊ नये एवढ्या जोरात.

उद्धवराव तर मला बघूनच हसला. "काय पोलीस पाटील, कुणाला बेड्या घालायलास?"

"तू कट्ट्यावर बसून काय बघतोस फोनात?"

"लातूरचा भाव."

"भाव दिवे लागल्यावर येतंय व्हय?"

त्याचं हसू जरा ढिलं झालं. "रेवण्णा, तू पैज हरणार. मी सांगतो ते ऐक, मशीन बदला म्हणावं महेशला अन् सोडून दे." आवाजात थट्टा नव्हती. विनवणी व्हती. पैज लावलेला माणूस विनवणी कामून करील?

घरी आलो. सकाळची भाकरी व्हती ती खाल्ली. माझं घर गल्लीच्या शेवटाला, त्याच्या पलीकडं तुरीचं रान. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी नागरत्ना गुलबर्ग्याला दिलेली, ती सणाला येते. घरात आवाज व्हावा म्हणून टीव्ही लावला. माझ्या वाय-फायचं नाव 'भूतबंगला'. पासवर्ड न्हाई. कुणी जोडलं की त्याला घाबरवायचं म्हणून मी मुद्दाम उघडं ठेवलं व्हतं. यादी उघडून बघितली. रोज बघतो. त्यात एकच फोन असतोय, माझा.

अक्काच्या नेटला कुलूप तर चोर आत, अन् माझं दार सताड उघडं तर कुत्रं फिरकंना. हे कोडं मला त्या रात्री काय सुटलं न्हाई.

४

सरळ प्रश्नांनी भागंना, म्हणून मी माझ्या नेहमीच्या धंद्यावर, म्हंजे थट्टेवर आलो.

राउटर परत माजघरात नेऊन ठेवला अन् पासवर्ड नवीन घातला. इंग्रजी अक्षरांत, सगळा एका दमात जोडून: 'उद्धवराव घोरतो अंबिका उसवते प्रशांत बोगस विकतो'. लांबलचक पासवर्ड चांगलाच असतोय, आपोआप ओळखता येत न्हाई. पण माझा डाव दुसराच व्हता. हा पासवर्ड ज्याला कळंल त्याला तो वाचावा लागणार, अक्षर न् अक्षर टाइप करावं लागणार. त्यात त्याचं स्वतःचं नाव येणार. उद्धवराव वाचंल तर लाल होईल. अंबिका वाचंल तर गल्लीत ऐकू जाईल. प्रशांत गप बसला तरी मला चार्जर फेकून मारंल. अन् बाकीच्या दोघांची नावं वाचून हसू आवरायचं तर माणूस दगडाचा पाहिजे.

परत तीनच ठिकाणी घातला. अक्का खाटेवर बसून माझी बोटं बघत व्हती.

"लई लांब हाय की."

"चोराला दम लागावा म्हणून."

संध्याकाळी मी कट्ट्यावर सगळ्यात आधी जाऊन बसलो, जिथनं तिघांची तोंडं दिसतील आसा. अंबिका आली, आत जाऊन अक्काला 'काय करायलीस' म्हणून आली, टोकाला बसली. प्रशांत आला, आत पाणी पिऊन आला, खांबाला टेकला. उद्धवराव आला, अक्काला कढीपत्ता देऊन आला, माझ्याशेजारी बसला.

मी माझा फोन बघितला. पहिला अनोळखी फोन जोडला गेला. मग दुसरा. मग तिसरा.

मी तोंडं बघायलो. कुणाच्या गालाला खळी न्हाई. कुणाचा कान लाल न्हाई. अंबिकानं उद्धवरावाकडं बघून नाक मुरडलं न्हाई, उद्धवरावानं प्रशांतकडं डोळे वटारले न्हाईत. तिघांच्या माना खाली, तिघांच्या हनुवटीवर फोनचा निळा उजेड.

मी मुद्दाम म्हणलो, "उद्धवराव, तू रात्री घोरतोस म्हणे."

"कोण म्हणतंय?" तो खरंच चकित झाला. "माझी बायको तर म्हणते मी मेल्यासारखा झोपतो."

त्याला म्हाईतच नव्हतं. तिघांनाबी म्हाईत नव्हतं. नेट चालू, अन् पासवर्ड एकानंबी वाचलेला न्हाई.

तेव्हा मी पहिल्यांदा मागं वळून दाराकडं बघितलं.

अक्का उंबऱ्याच्या आत बसली व्हती, पुढ्यात शेंगांचं सूप. शेंगा फोडत नव्हती. कट्ट्यावरच्या तीन खाली घातलेल्या डोक्यांकडं बघत व्हती, जसं कुणी ताटावर बसलेल्या लेकरांकडं बघतंय तसं. मागं माजघरात फोनवर पवित्राचं तोंड थांबून ऱ्हायलेलं, अन् राउटर परत खिडकीत.

५

रात्रभर मी एकेक गोष्ट ओळीनं लावली.

न वाचता नेट मिळायचा रस्ता एकच. बाजारात भाजीवाल्याच्या गाड्यावर पैसे द्यायला जशी काळी-पांढरी चौकडी असते, तशी चौकडी फोन काढून देतोय. ज्या फोनात नेट चालू हाय त्याच्यावर ती काढायची, दुसऱ्यानं त्याच्यासमोर आपला फोन धरायचा, झालं काम. समोरच्याला काय वाचायला लागत न्हाई, अन् दाखवणाऱ्यालाबी न्हाई.

ती चौकडी निघणार त्याच फोनातनं, ज्यात मी पासवर्ड घातलाय. कॅमेऱ्याला तोंडच न्हाई. माझा फोन माझ्या खिशात. ऱ्हायला एक. मी चोराला घराबाहेर ठेवायला कुलूप बदलत व्हतो, अन् दर वेळी नवी किल्ली माझ्याच हातानं त्याच्या हातात देत व्हतो.

दुसरं. चौकडी काढताना फोन मालकाचं बोट मागतोय. अक्का कॉल नुसता उचलते, हिरवं बटण सरकवते, त्याला बोट लागतच न्हाई. ती स्वतः कुणाला फोन लावत न्हाई. मग संध्याकाळच्या पूजेनंतर, विभूतीच्या बोटांनी, तिला कुलूप उघडायची एवढी घाई कशासाठी?

तिसरं, राउटर. माजघरात ठेवला की भिंतीमुळं कट्ट्यावर नेट पोचत न्हाई. खिडकीत ठेवला की कट्ट्यावर भरपूर, अन् त्याच भिंतीमुळं आत कॅमेरा आंधळा. धूळ झाडताना सामान दर वेळी एकाच खिडकीकडं जात नसतंय.

अन् उद्धवराव. स्वतःचा डेटा असलेला माणूस त्या दिवशी वाय-फायची यादी कशाला उघडत व्हता? ते तर पहिल्याच संध्याकाळी माझ्या डोळ्यासमोर झालं. मी हसण्यात गुंतलो व्हतो.

एकच गोष्ट ऱ्हायली. ज्याच्यामुळं आपला कॉल तुटतोय, घर सुटायची वेळ आलीय, ते अक्का स्वतः कामून करील?

६

दुपारी गेलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अक्का तुरीची डाळ निवडत व्हती.

"अक्का, चौकडी काढून दाव."

सुपातला हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. डावं बोट पदराला पुसलं, फोनच्या पाठीला लावलं, दोन-तीनदा टिचकी मारली. काळी-पांढरी चौकडी उगवली. माझ्यापेक्षा लवकर काढली तिनं.

"कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. दिवाळीला महेश आला व्हता. सुनेच्या फोनला नेट द्यायचं म्हणून त्यानं माझा फोन घेतला, अशी अशी बोटं फिरवली. मी बघत बसले व्हते. दोन दिसांसाठी येतंय लेकरू. मी त्याचं तोंडबी बघते, हातबी बघते."

"अन् ह्या तिघांना?"

"पहिलं कुलूप नव्हतं रेवण्णा. तेव्हा कट्टा भरून असायचा. महेशनं कुलूप घातलं अन् दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर निसता पाला. मी झाडून काढला. दुसऱ्या दिवशी परत पाला." तिनं एक खडा वेचून बाजूला ठेवला. "मग अंबिका पीठ मागायला आली, तिला दिलं. म्हणलं, एकट्या तुलाच देते, महेशला कळू देऊ नको. मग प्रशांतला. मग उद्धवरावाला."

"तिघांनाबी एकट्या तुलाच?"

"मग काय. सगळ्यांना देते म्हणलं असतं तर कोण आलं असतं? आपल्या एकट्यालाच दिलंय म्हणलं की माणूस रोज येतंय."

मला हसू आलं. तिघं आपापल्या जागी स्वतःला एकटाच चोर समजून अक्काचं गुपित सांभाळत व्हते. म्हणून प्रशांतला हवा लागत व्हती, अन् उद्धवराव विनवत व्हता.

"ते बोलतात तरी का तुझ्याशी?"

"कुठं. आला की 'काय अक्का' म्हणायचं, चौकडी घ्यायची, मान खाली. पर सावल्या दिसत्यात दारात." तिनं उंबऱ्याकडं बोट केलं. "दिवे लागले की त्या खांबावरच्या बल्बाचा उजेड पडतोय कट्ट्यावर, मग त्यांच्या सावल्या आत येतात, हितपत्तर. मी शेंगा घेऊन त्यांच्यात बसते."

मी सुपातला एक खडा वेचला. मग म्हणलो, "अक्का, पवित्राचा कॉल त्यांच्यामुळंच तुटतोय."

"ते कसं? दिव्याखाली चार माणसं जास्त बसली तर उजेड कमी व्हतोय का?"

"हे दिव्यासारखं न्हाई, नळासारखं हाय. तिघांनी बाहेर तोट्या सोडल्या की आत धार न्हाई. त्यात तू मशीन खिडकीत ठेवतीस, मग भिंतीतनं काय येणार?"

तिला खरंच म्हाईत नव्हतं. सूप तिनं खाली ठेवलं. बराच वेळ स्वतःच्या डाव्या बोटाकडं बघत ऱ्हायली.

"म्हंजे महेशची गाडी मीच बोलवली."

"अजून उगादी यायचीय."

"मी गेले व्हते तिथं, मागच्या उन्हाळ्यात. माणसं कुठं भेटतात म्हाईत हाय? लिफ्टात. अन् लिफ्टात सगळे वरचे आकडे बघतात. कुणी कुणाकडं बघत न्हाई." मग तिनं विचारलं, "महेशला सांगणार?"

महेशला सांगितलं तर तो आईवर ओरडणार न्हाई. तो गप होईल, अन् गाडीचं दार उघडंल. आई एवढी एकटी पडलीय म्हणल्यावर कुठला लेक तिला हितं ठेवील? अन् न सांगावं तर चोर सापडला न्हाई, पैज हरलो.

मी मिशीवरनं हात फिरवला. वडलांसारखी राखलेली, दोन्ही टोकं वर.

"अक्का," मी म्हणलो, "उद्या मला एक ड्रिल मशीन लागणार हाय. प्रशांतकडनं आण. माझं नाव सांगू नको."

७

माजघर अन् बैठकीच्या मधल्या चौकटीवर मी एक फळी ठोकली अन् राउटर तिथं चढवला, अक्काचा हात पोचणार न्हाई एवढ्या उंच. तिथनं दोन्हीकडची दारं सरळ रेषेत, भिंत मधी येत न्हाई. मग घरच्या नेटचं कुलूप परत बदललं, अन् त्याच मशीनमधी दुसरं नेट काढलं, पाहुण्यांचं. नाव 'कट्टा'. त्याला वेगळं कुलूप, तिथनं घरातला कॅमेरा दिसत न्हाई, अन् धार बारकी, कुणी कितीबी ओढली तरी पवित्राच्या वाट्याची हलत न्हाई. त्याची चौकडी अक्काच्याच फोनात. ज्याला पाहिजे त्यानं आत यावं, मागावी.

अन् एक गंमत केली, ती कुणाला सांगितली न्हाई, अक्कालाबी न्हाई. 'कट्टा' रोज पवित्राचा कॉल संपायच्या सुमाराला बंद पडणार, अन् जरा वेळानं आपोआप चालू होणार. मशीनलाच तसं सांगून ठेवलं.

उगादीला महेशकुमार आला. गाडीच्या डिकीत एक मोठी रिकामी बॅग व्हती, ती मी बघितली. अक्कानं कडुलिंबाचा फुलोरा अन् गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवला, बॅगेचं काय विचारलं न्हाई.

"अण्णा, कोण व्हता?" महेशनं मला विचारलं.

"सापडला न्हाई. पर शेजाऱ्यांना वेगळं नेट काढून दिलंय, अन् आत आता कुणी येत न्हाई. बघ तूच."

तो मशीनखाली फोन उघडून बराच वेळ उभा व्हता. त्याला आतलं सगळं वाचता येतंय. 'कट्टा'ची वेळापत्रकाची ओळ त्यानं वाचली, माझ्याकडं बघितलं, मग बाहेर बसलेल्या माणसांकडं बघितलं, अन् ओळ तशीच ठेवली.

संध्याकाळी कट्टा भरला. बालाजी न्हावी पेटी घेऊन आला. मला खांबाखाली स्टुलावर बसवलं, गळ्यात टॉवेल. उद्धवराव साबण लावायला स्वतः पुढं आला, अन् ब्रश फिरवता फिरवता कानाशी वाकला.

"रेवण्णा, उठ. ऱ्हाऊ दे. चोर मीच व्हतो. अक्कानं मला एकट्यालाच दिलं व्हतं, बोलता येईना."

"म्हाईत हाय मला."

ब्रश थांबला. "मग बोलला न्हाईस कामून?"

"साबण डोळ्यात जायलाय. नीट लाव."

आत पवित्राचा कॉल केव्हाचाच लागलेला, आज तो रोजच्यापेक्षा लांबला. पेपर असल्यामुळं ती आली नव्हती. अक्कानं फोन उंबऱ्यावर तांब्याला टेकवून ठेवला, तिलाबी दिसावं म्हणून. बालाजीनं वस्तरा उघडला. कट्ट्यावर मात्र निम्म्या माना अजून खालीच, माझ्या मिशीपेक्षा फोनात काय जास्त व्हतं देव जाणे.

तेवढ्यात 'कट्टा' गेला.

"रेंज गेली काय?" अंबिका म्हणली.

"माझीबी," प्रशांत म्हणला. "अण्णा, चोर परत आला जणू."

"आला आसंल."

एकेक मान वर आली. फोन खिशात गेले, पदरात गेले. आता बघायला माझ्याशिवाय काय नव्हतं, म्हणून सगळे बघायले. कुणीतरी म्हणलं डावी काढा, कुणी म्हणलं उजवी. अक्का म्हणली, "बसवंतप्पांनी एकदा सासुरवाडीत अशीच पैज लावली व्हती." तिला कुणीतरी विचारलं, मग काय झालं? अन् ती सांगायली, चुलीपासनं, पाहुण्यांपासनं, सगळं, अन् लोक तिच्याकडं सरकले. उंबऱ्यावरनं पवित्राचा आवाज, "आज्जी, जोरात सांग की." एकदाबी तुटला न्हाई.

महेश गाडीपाशी गेला, डिकी उघडली. मला वाटलं बॅग काढतोय. त्यानं आईच्या औषधांची पिशवी काढली, डिकी लावली, पिशवी घरात नेऊन ठेवली अन् कट्ट्यावर येऊन ऐकत बसला.

बालाजीचा हात हसण्यानं हलला अन् ओठाला जरा लागलं. मिशीचा उजवा भाग टॉवेलवर पडला. गल्ली अशी हसली की समोरच्या माळवदावरची कबुतरं उडाली.

अक्का उठली. पूजेची विभूती घेऊन आली, उजव्या हाताची तीन बोटं त्यात बुडवली अन् माझ्या उघड्या पडलेल्या ओठावर ठेवली.

"झोंबतंय?"

"न्हाई," मी म्हणलो. "तू पुढं सांग."